आधी तुम्ही, फादर

चर्चच्या भिंतीवरच्या चित्रात फादर एलिसेओ छाती पुढे काढून उभे आहेत. अंगात पांढराशुभ्र झगा, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, नजर वर ढगांकडे. समोर बंदुकांच्या नळ्या. मागे गावातले अकरा पुरुष गुडघे टेकून रडताहेत. कोपऱ्यात झाडाआडून एक बाई डोकावते आहे, तिच्या डोक्यावर भाकऱ्यांची टोपली आणि पायाशी साप. चित्रकार ग्वादालाहारा शहरातून आणला होता. साप त्याने स्वतःच्या मनाने घातला, पण सांता कितेरिया गावाला तो एवढा पसंत पडला की त्याचे रंग दर ईस्टरला नव्याने भरले जातात.

ओतिलिया दर रविवारी त्या चित्रासमोरच्या बाकावर बसायची आणि दर रविवारी तिच्या मनात यायचं, हा कोण बाई परका माणूस? ती त्याची सख्खी थोरली बहीण. तिचा एलिसेओ बुटका होता. उन्हात गेला की त्याच्या नाकाची सालं निघायची. मेला त्या दिवशी त्याच्या अंगात झगाबिगा काही नव्हता, तिच्या नवऱ्याची जुनी विजार होती. नवरा ताडमाड, म्हणून ती विजार पायात येऊ नये यासाठी तिनेच सुतळीने वर बांधून दिली होती. चित्रात सुतळी कुठेच नाही.

त्याला वीस-बावीस वर्षं होऊन गेली. यंदा बिशपांनी फादर लेआंद्रो नावाचे एक तरुण पाद्री गावात पाठवले. ज्यांनी एलिसेओचं मरण डोळ्यांनी पाहिलं त्यांच्या साक्षी घ्यायच्या, त्या रोमला पाठवायच्या, आणि रोमला पटलं तर सांता कितेरियाला स्वतःचा संत मिळायचा. गाव नुसतं हरखून गेलं होतं. ओतिलियाचा नवरा कायेतानो तर विचारूच नका. चर्चच्या किल्ल्या त्याच्याकडे, हुतात्म्याच्या मंडळाचा अध्यक्ष तो, आणि त्या दिवशीच्या अकरांपैकी जे सात जण अजून जिवंत होते त्यांचा म्होरक्याही तोच. आठवडाभर त्याने सगळ्यांना घरी बोलावून, मेस्काल दारूच्या पेल्यांबरोबर, काय सांगायचं ते घोटून घेतलं होतं.

साक्षीच्या सकाळी तो आरशासमोर मिशीला मेण लावत होता.

"अहो, ऐका," ओतिलिया म्हणाली. "मी आज खरं ते सांगणार आहे."

त्याचा हात थांबला. "म्हणजे? आम्ही काय खोटं सांगतोय?"

"त्या दिवशी तुम्ही टोपी काढलीत."

"कसली टोपी?"

"डोक्यावरची."

"ओतिलिया, तुझं वय झालं."

"तुमच्याइतकं नाही झालेलं अजून."

कायेतानो वळला. त्याची मिशी एका बाजूने वर, एका बाजूने खाली, अशी होती. "तो गेला. तुझा भाऊ होता तसा आमचा फादर होता. आता त्याच्या नावाने गावाचं भलं होतंय, तर तुला काय खुपतंय?"

"फिलोमेना खुपतेय."

"तिला काय सुळावर चढवलंय का? बसते की चर्चच्या पायरीवर. खाऊनपिऊन आहे." आणि त्याने मिशीची दुसरी बाजू वर केली.

फिलोमेना ही विधवा. तेव्हा तिचं झोपडं गावाबाहेरच्या तिठ्यावर होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला ती भाकऱ्या, घेवडा आणि मक्याची पेज विकायची. त्या दिवशी सरकारी फौज तिच्याकडे जेवून मग पुढे आली होती. बंदूकवाल्यांना भाकरी नाही म्हणायची कुणाची हिंमत? पण एलिसेओला पुरल्यानंतर गावाला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं, आणि फिलोमेना एकटी होती, पाठीशी कुणी नव्हतं, सोयीची होती. बायकांनी तिचं झोपडं जाळलं, तिला धरून तिची वेणी मुळापासून कापली. चर्चच्या आत तिला त्यानंतर कधी पाऊल टाकू दिलं नाही. ओतिलियाने वेणीला हात लावला नाही. कात्री मात्र तिच्या घरून नेली होती, आणि कशाला हवी हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने तेव्हा तोंड उघडलं असतं तर बोट स्वतःच्या नवऱ्याकडे दाखवावं लागलं असतं. ते तिच्याने झालं नाही, आणि याबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही. गावाने तर तिला दोषच दिला नव्हता, मग माफी कोण देणार?

चर्चमागच्या खोलीत फादर लेआंद्रो टेबलाशी बसले होते. भिंतीलगतच्या बाकावर साक्ष देऊन झालेले सात जण बसले होते, टोप्या मांडीवर. ओतिलियाची पाळी शेवटी आली.

"बसा, बाई. तुम्ही हुतात्म्याच्या भगिनी. तुमच्या तोंडून ऐकायला मला विशेष आनंद होईल."

"तो होईल का नाही ते बघू," ओतिलिया म्हणाली आणि सांगू लागली.

सरकारने पाद्र्यांवर बंदी घातली, चर्चना कुलपं लागली, डोंगरात लोक ख्रिस्तराजाचा जयजयकार करत बंदुका घेऊन उठले, तेव्हा एलिसेओ तिच्या मळ्यावर लपायला आला. जो पाद्री सापडेल त्याला रस्त्याकडेच्या झाडाला टांगत होते. गडी म्हणून राहायचं ठरलं. पण गड्याचं सोंग वठणार कसं? तो चालायचा तो नसलेल्या झग्याचा घोळ चिमटीत धरून. बोलायचा तो प्रवचनात बोलावं तसं. ओतिलियाने त्याला शेणात उभं केलं, नांगर धरायला लावला, हाताला घट्टे पडेपर्यंत पिच्छा सोडला नाही. दीक्षा घेतल्यापासून त्यांची आईसुद्धा त्याला "तुम्ही" म्हणायची. ओतिलियाने सरळ "अरे, तुरे" सुरू केलं.

शिव्यांनी मात्र घाम काढला. "गाढवा"च्या पलीकडे त्याची मजलच जाईना.

"अरे, जोर लाव! खेचराला बोलतोयस की पापकबुलीला बसलेल्या म्हातारीला?" ती धार काढता काढता ओरडायची.

"ताई, माझ्या जिभेवर सकाळी मिस्साचा प्रसाद असतो गं."

"मग दुपारी शीक."

तो शिकला. हुशार होता. एकदा ओतिलिया दुधाची चरवी उलटी होईस्तोवर हसली, आणि त्याने आपल्या शिव्यांबद्दल तिलाच प्रायश्चित्त सांगितलं, तेव्हा आणखी हसली. त्या दोन वर्षांत तिला धाकटा भाऊ परत मिळाला होता. देवाने नेलेला, सरकारने परत दिलेला, असं ती म्हणायची.

"बाई," फादर लेआंद्रोंनी खाकरून म्हटलं, "शिव्यांचं आपण जरा..."

"थांबा. शिव्याच पुढे कामाला येणार आहेत."

त्या दिवशी मका सोलायच्या निमित्ताने कायेतानोसकट गावातले अकरा पुरुष मळ्यावर जमले होते. पहाटे चोरून मिस्साची प्रार्थना झाली होती आणि आता खरोखरच मका सोलणं चाललं होतं. फौज आली ती घोडे न्यायला. पाद्री इथे आहे हे तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं. घोड्यांना दाणा हवा म्हणून एका शिपायाने मक्याच्या कणगीत हात घातला आणि त्याच्या हाताला मिस्साचा चांदीचा पेला लागला. तो पेला तिथे ओतिलियानेच लपवला होता.

सार्जंट शेजारच्याच डोंगरातला, आपल्यातलाच माणूस होता. त्याने बायकांना घराच्या धाब्यावर चढवलं आणि बाराही पुरुषांना गुरांच्या आवारात उभं केलं. मग एकेकाचे हात बघितले. एलिसेओचे घट्टे कायेतानोच्या घट्ट्यांपेक्षा टणक निघाले. मग त्याने एक अडेल खेचर आणवलं आणि म्हणाला, "याला एकेकाने हाकलून दाखवा. पाद्र्याच्या तोंडून काय निघतं ते मला ऐकायचंय."

एलिसेओची पाळी आली. त्याने खेचराची आई, आजी, आणि त्याला जन्माला घालणाऱ्या अख्ख्या तबेल्याचा असा उद्धार केला की शिपाई पोट धरून हसले आणि धाब्यावरच्या बायकांनी कान झाकले. खेचरही हललं. ओतिलियाचा ऊर भरून आला. वाचला, तिला वाटलं. माझा एलिसेओ वाचला.

सार्जंटने बराच वेळ जमिनीकडे बघत विडी ओढली. मग त्याने फाटक सताड उघडलं. "जा. चूक झाली आमची. सगळे आपापल्या घरी जा."

बारा जण फाटकाकडे निघाले. कायेतानो सगळ्यांत पुढे होता. फाटकापाशी तो पोचला, आणि थांबला.

सांता कितेरियात पाद्र्याच्या आधी कुणी दारातून जात नाही. पाद्र्याच्या आधी कुणी घास तोंडात घालत नाही, त्याच्यासमोर कुणाच्या डोक्यावर टोपी राहत नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही. पोर चालायला लागतं तेव्हा आईचा हात त्याला दारातून मागे ओढतो, आणि तो हात जन्मभर खांद्यावर राहतो. कायेतानोने विचार केला नाही. विचार केला असता तर तो धावत सुटला असता. त्याने टोपी काढली, छातीशी धरली आणि बाजूला सरकला. त्याच्या मागचाही सरकला. एकामागून एक अकराही जण दोन बाजूंना झाले, टोप्या छातीशी, माना लववून. मधोमध मोकळी वाट झाली, आणि त्या वाटेवर सुतळीने बांधलेल्या विजारीतला एलिसेओ एकटा उभा राहिला.

"चला ना रे, मूर्खांनो," तो दातओठ खाऊन पुटपुटला. "पुढे व्हा!"

कुणी हललं नाही. फादरांनी काहीतरी म्हटलं म्हणून माना आणखीच खाली गेल्या. ओतिलियाने भावाला सगळं शिकवलं होतं. गावाला शिकवायचं राहून गेलं होतं.

सार्जंट सावकाश चालत आला. "लहानपणी मीही मिस्सात घंटा वाजवायचो, फादर," तो म्हणाला. "आमच्याकडेही असंच असतं." मग त्याने आवाज खाली आणला, पण वाऱ्यामुळे धाब्यावर शब्द न् शब्द येत होता. "मला घोडे हवे होते, तू नको होतास. एकदाच विचारतो. पाद्री आहेस? नाही म्हण आणि चालायला लाग. मी ऐकून घेईन."

एलिसेओने वर धाब्याकडे पाहिलं. ओतिलियाने मान हलवली. नाही म्हण, बाळा, नाही म्हण. तिने इतक्या जोराने मान हलवली की डोक्यावरची शाल खाली पडली. त्याच्या विजारीवरून ओली रेघ उतरत जाताना तिने पाहिली. तो रडत होता, आणि रडत रडतच, शेजाऱ्याला ऐकू जाईल न जाईल इतक्या आवाजात, म्हणाला, "होय."

त्याने पाणी मागितलं. सार्जंटने दिलं. फाटकाबाहेरच्या मेस्कीटच्या झाडाला त्यांनी त्याला टांगलं, आणि दोर होता कायेतानोच्या विहिरीवरचा.

बाकावर एकाने नाक शिंकरलं. कायेतानो आपल्या टोपीच्या काठावरून बोट फिरवत होता.

फादर लेआंद्रोंचे डोळे खरोखर भरून आले होते. माणूस वाईट नव्हता. "ते 'होय', बाई," ते म्हणाले, "ते फार थोर आहे. ते राहील. शब्दशः राहील."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं... बघा, ती विजार, ते... भिजणं. त्या शिव्या. रोमला काय वाटेल?"

"रोमला विजार नसते का?"

बाकावर एक जण हसला आणि कायेतानोने बघताच गप्प झाला.

"माझा भाऊ घाबरला होता, फादर. त्याला जगायचं होतं. मीच त्याला नाही म्हण असं खुणावत होते, आणि मी सांगितलेलं त्याने जन्मात कधी टाळलं नव्हतं. तरी तो हो म्हणाला. तुमच्या भिंतीवरचा तो बाबा घाबरतच नाही. मग त्याने दिलं काय? ढगाकडे बघत कुणीही मरेल."

"बाई, तुमचं दुःख मी समजू शकतो."

"दुःख राहू द्या. फाटकाचं काय करणार?"

फादर लेआंद्रोंनी बाकाकडे एक नजर टाकली. त्या सात म्हाताऱ्यांच्या घरून त्यांचं जेवणखाण चाललं होतं. नव्या घंटेसाठीही याच घरांनी शब्द दिला होता. "आदराने माणूस मेला असं मी कसं लिहू? उद्या लोक पाद्र्याला मान द्यायला कचरतील. आणि पकडून कुणी दिलं, हा प्रश्न येतोच. सात साक्षीदार एकच नाव सांगताहेत."

"सातही जण फाटकापाशी होते."

"ती टोपलीवाली बाई तुमची कोण लागते?"

"कुणी नाही," ओतिलिया म्हणाली. "माझ्या कात्रीने तिची वेणी कापली होती, एवढंच."

फादरांनी टाक खाली ठेवला. ते खूप दमल्यासारखे दिसले. "तुम्ही प्रार्थना करा, बाई. आम्हीही करू. चला, लोक खोळंबलेत."

बाहेर यात्रेकरूंची गर्दी होती. दूरदूरच्या गावांतून लोक यायचे. आधी चित्र बघायचे, मग मळ्यावर जाऊन त्या फाटकाच्या ढलप्या काढून ताईत म्हणून न्यायचे. ढलप्या इतक्या गेल्या की कायेतानोने फाटक दोनदा नवीन बसवलं होतं. तरी त्याच्यातून चमत्कार व्हायचे ते होतच होते.

सगळे उठले. फादर लेआंद्रो कागद काखोटीला मारून दाराकडे निघाले. कायेतानो लगबगीने पुढे झाला, त्याने दार उघडलं, टोपी छातीशी धरली आणि बाजूला सरकला. बाकीचे सहाही सरकले, माना लवल्या. मधोमध मोकळी वाट झाली. ओतिलियाला त्या क्षणी धाब्यावरचं ऊन पाठीला लागलं.

ती त्या वाटेवरून चालत गेली, फादर लेआंद्रोंच्या कोपराला घासून पुढे झाली आणि दारातून त्यांच्या आधी बाहेर पडली. जन्मात पहिल्यांदा. खांद्यावरचा आईचा हात तिला जाणवला, तो तिने झटकला.

"ओतिलिया!" मागून कायेतानोचा घोगरा आवाज आला. "अगं, ओतिलिया! फादर अजून आत आहेत!"

"मग राहू द्या," ती न वळता म्हणाली. "दार उघडं आहे. आधी गेलं की मागचा वाचतो, हे तुम्हाला कधी कळणार?"

फिलोमेना नेहमीसारखी सगळ्यांत खालच्या पायरीवर बसली होती. पुढ्यात फडक्याने झाकलेली टोपली. गावातलं कुणी तिच्याकडून घेत नसे, पण यात्रेकरूंना चित्रातली बाई ती हीच, हे कुठून माहीत असणार? त्यांच्यावर तिचं पोट चालायचं. कापलेले केस पुन्हा कधी धड वाढलेच नाहीत. डोक्याला काळा रुमाल घट्ट बांधलेला असायचा.

ओतिलिया तिच्या शेजारी टेकली. एवढ्या वर्षांत ती या पायरीवर पहिल्यांदाच बसत होती.

"मी सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "सगळं सांगितलं. पकडून देणारी तू नव्हतीस, असं सांगितलं."

फिलोमेनाने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. "लिहून घेतलं त्यांनी?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस?" फिलोमेना म्हणाली. तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. "मी नव्हते, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे."

वरून, चर्चच्या दारातून, फादर लेआंद्रो आणि त्यांच्या मागे सात टोप्या बाहेर आल्या, आणि यात्रेकरू हात चुंबायला धावले.

"घेणार आहेस का काही?" फिलोमेनाने टोपलीवरचं फडकं नीट करत विचारलं. "नाहीतर थोडी सरक बाजूला. तुझ्या भावाचे लोक येताहेत, त्यांना टोपली दिसू दे."

ओतिलिया बाजूला सरकली.